जन्मापासून की नंतर

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड होता. आता शस्त्रक्रियेनंतर तो बराचसा सारखा झालाय. पण त्याआधीची पस्तीस वर्षं मी एका बाजूला झुकत चालले, आणि म्हैसुरातल्या आमच्या यच्चयावत नातेवाइकांना त्याचं कारण ठाऊक होतं. आत्यानं मला पाडलं. मी रांगायच्या वयाची असताना ती मला कडेवर घेऊन परसात गेली, धुण्याच्या दगडाजवळ शेवाळावरून घसरली आणि मी तिच्या हातून सुटले. ही गोष्ट मला कुणी समोर बसवून सांगितली नाही. घरात मिठाचा डबा कुठं असतो हे जसं न विचारता कळतं, तशी ती कळली.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. आमचं घर शिंप्यांचं. वडिलांचं दुकान पुरुषांच्या कपड्यांचं होतं आणि घरी आत्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिच्या हाताला एवढी सफाई होती की बायका लांबून तिला शोधत यायच्या. मी उशिरा चालायला लागले, आणि लागले ती लंगडतच. त्यानंतर थोड्याच दिवसांत आत्याचं लग्न उरकलं. उरकलंच म्हणायचं. नवरा बिजवर, मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात कामाला. तिला मूलबाळ झालं नाही. "देवानं विचार करूनच केलं असेल," असं एकदा विठ्ठलाच्या देवळात एकादशीचं भजन आटोपल्यावर आमची एक काकू म्हणाली. आत्या तिच्यापासून दोन हातांवर बसली होती. तिनं ऐकलं नसेल असं होणारच नाही. ती तशीच टाळ पुसत बसली.

माझ्या पायाची आणखी एक गोष्ट होती. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा बसच्या सवलतीच्या पासासाठी अपंगत्वाचा दाखला काढायचा होता. सरकारी दवाखान्यातल्या माणसानं मान वर न करता वडिलांना विचारलं, "हुट्टिनिंदाना?" जन्मापासून का? वडील म्हणाले, "हौदु." हो. पडली म्हटलं असतं तर कधी, कुठं, तेव्हाचे कागद कुठायत, असे सतरा प्रश्न आले असते. डॉक्टरांनी टेपनं दोन्ही पाय मोजले आणि सही केली.

आणि त्याच सुमारास मला बघायला पाहुणे येऊ लागले. आई कॉफी ठेवतानाच सांगून टाकायची, "जन्मताचं नाही हं हे. लहानपणी पडली. पुढं पोराबाळांना काही येणार नाही." पाहुणे उप्पीट आणि केसरीभात खायचे, माझ्याकडे बघून हसायचे आणि नंतर त्यांचा निरोप यायचा नाही. दवाखान्यात मी जन्मापासून लंगडी होते आणि बैठकीच्या खोलीत पडून लंगडी झालेली होते. दोन्ही ठिकाणी मी हजर होते. मला कधी त्यात काही खटकलं नाही.

ते खटकायला मला नोकरी लागावी लागली.

हूटगळ्ळीत नव्या घरांच्या आणि शेडच्या मधे एका इमारतीत आमचं ऑफिस आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांतल्या पेशंटच्या फायली आमच्या कॉम्प्युटरवर येतात. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा, एवढं आमचं काम. त्या कोडांवरून तिकडचा विमा ठरतो. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या टीम लीडर बाईंनी एक नियम शिकवला होता. काही कोड एकमेकांच्या शेजारी बसत नाहीत. एक लावला तर दुसरा लावताच येत नाही. तसं पुस्तकात त्या कोडाखाली लिहिलेलंच असतं. उदाहरण त्यांनी नेहमीचंच दिलं होतं: जन्मजात व्यंग आणि नंतर आलेलं व्यंग. "पाय जन्मापासून वाकडा असेल किंवा नंतर वाकडा झाला असेल. तोच पाय दोन्ही कसा असेल?" सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं. टेबलाखाली माझे दोन्ही पाय होते, आणि तरी डोक्यात काही आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक फाईल आली. कुणा बाईची, कुठल्या गावची, हे मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगता आलं नसतं. वय माझ्याच आसपासचं. खुब्याचा सांधा बदलायचा होता. एका डॉक्टरनं लिहिलं होतं, सांधा जन्मतःच निसटलेला. दुसऱ्यानं लिहिलं होतं, लहानपणी पडल्यामुळे आलेला दोष. दोन्ही एकाच फाईलमधे, एकाच पायाबद्दल. मी टीम लीडरना दाखवलं.

"मोठा सर्जन कोण आहे त्याचं घ्या आणि पुढं चला," त्या म्हणाल्या. "आज फायली किती आहेत बघताय ना?"

"पण मॅम, हे आपण ठरवायचं नाही. डॉक्टरांना विचारायला पाहिजे."

"मग विचारा. पण तुमच्या दिवसाच्या आकड्यात ही फाईल धरली जाणार नाही."

मी प्रश्न पाठवला. असा प्रश्न पाठवतानाही एक पथ्य असतं. उत्तर सुचवायचं नाही. 'जन्मजात आहे ना?' असं लिहायचं नाही. फायलीत काय काय लिहिलंय ते मांडायचं आणि 'कृपया स्पष्ट करा' म्हणायचं. उत्तर आलं ते लहानसंच होतं. दोष जन्मापासूनचा आहे, एक्स-रेच्या फोटोत स्पष्ट दिसतंय. पडल्याची हकीकत घरच्यांनी सांगितली होती, ती आधीच्या डॉक्टरांनी तशीच उतरवून घेतली. आणि शेवटी एक वाक्य, बहुधा त्यांच्या सवयीनं लिहिलेलं: अशा मुलांचे पालक बऱ्याचदा पडल्याचं सांगतात.

मी कोड लावला, फाईल बंद केली आणि पुढची उघडली. पुढच्या फायलीत काय होतं ते आता आठवत नाही. दुपारी डबा खाताना माझ्या लक्षात आलं की मी त्या वाक्यावर रागावलेय. 'आमच्याकडे मी खरंच पडले होते,' असं मी मनातल्या मनात कुणाला तरी ऐकवत होते.

दोनेक वर्षांपासून माझा खुबा दुखत होताच. तेल लावून, शेकून वेळ मारून नेत होते. त्या आठवड्यात मी जयलक्ष्मीपुरममधल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. लहानपणी मला फक्त एका हाडवैद्याकडे नेलं होतं, त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या खुब्याचा फोटो निघाला. मी डॉक्टरांना पडल्याचं सांगितलं नाही, जन्मजात असंही नाही. "कशामुळं झालं असेल?" एवढंच विचारलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. "हा गोळा वाटीत कधी बसलाच नाहीये," ते म्हणाले. "वाटीच नीट तयार झाली नाही. जन्मापासूनचं आहे."

"पडल्यामुळं होऊ शकत नाही?"

"डाव्या बाजूला बघा." त्यांनी पेननं दाखवलं. "डाव्या पायाची कधी तक्रार होती?"

"नाही."

"तीपण वाटी उथळ आहे. पडून दोन्हीकडच्या वाट्या उथळ होत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "जन्मल्यावर कुणी काही सांगितलं नव्हतं का? पहिल्या काही महिन्यांत पाय फाकवून पट्टे बांधले असते तर बहुतेक तुम्ही सरळ चालला असता."

हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. रोज कुणाला ना कुणाला सांगत असतील. मी बरं म्हटलं, फोटोचं पाकीट घेतलं आणि बसनं घरी आले.

अवरेच्या, वालासारख्या शेंगांचा हंगाम होता. आई भिजवलेल्या दाण्यांची टोपली घेऊन बसली होती आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढत होती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. भाऊ त्याच्या बायकोबरोबर वेगळा राहत होता. घरात आम्ही दोघीच. मी तिच्यासमोर बसले आणि दाणे सोलायला लागले.

"आई, मी जन्मले तेव्हा दवाखान्यात माझ्या पायाबद्दल कुणी काही बोललं होतं?"

"का?"

"नुसतं विचारते."

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "एक नर्स होती. मल्याळी. पाय हलवून बघितला आणि म्हणाली, टक् असा आवाज येतोय, मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"दाखवलंत?"

"तुझ्या वडलांना सांगितलं. ते म्हणाले, लहान बाळाची हाडं कोवळी असतात, वाजायचीच." टोपली तिनं जवळ ओढली. "पहिलीच मुलगी झाली होती. घरात कुणाचं तोंड सरळ नव्हतं. त्यात हिच्या पायात खोट आहे म्हणून मी कुणाला सांगत फिरू?"

"आणि आत्या?"

"ती घसरली होती की. खोटं नाही ते."

"मी तिच्या हातून पडले होते?"

आईनं सालं बाजूला सारली.

"आई, मी पडले होते का?"

"तू रडत होतीस. तिचं कोपर फुटलं होतं. रक्त तिच्या कोपराचं होतं." मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "मी काही कुणाचं नाव घेतलं नाही. तू लंगडायला लागलीस तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या माहेराकडं बोट दाखवायला लागले, हिच्याकडं कोण लंगडं आहे म्हणून विचारायला लागले. मग तुझ्या वडलांनाच आठवलं की ती घसरली होती. मी सुम्मे बसले. एवढंच केलं मी. गप्प बसले."

"एवढी वर्षं?"

"मग काय करू? मी अंगावर घेतलं असतं तर मला त्या घरात ठेवलं असतं? तिला काय फरक पडला? तिचं लग्न तर झालंच ना. तुझं व्हायचं होतं."

माझं झालं नाही, हे ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हा विचार मला नंतर सुचला. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की ही बाई माझ्यासमोर बसून शेंगा सोलत आली, दर हिवाळ्यात, आणि हे तिच्या पोटात होतं.

पुढच्या रविवारी मी मेटगळ्ळीला गेले. आत्याचा नवरा वारला होता. ती दोन खोल्यांत राहायची, साड्यांना फॉल लावायची, कारखान्यातल्या कामगारांचे युनिफॉर्म आखूड-लांब करून द्यायची. मला दारात बघून ती घाबरली. "अय्यो, कुणाला काय झालं?" तिच्याकडे मी सहज कधी गेलेच नव्हते.

मी तिला सगळं सांगितलं. फोटोचं, डाव्या वाटीचं, नर्सचं, आईचं. मला वाटलं होतं ती रडेल. डोक्यावरून ओझं उतरल्यासारखं काहीतरी करेल. मी त्याची वाट बघत होते, हे आता लिहिताना लाज वाटते.

ती मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होती.

"मी पाठीवर पडले होते," ती म्हणाली. "तुला वर धरलं होतं. अशी." तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. "कोपर दगडावर आपटलं. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, बाळाला काही झालं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलंपण. वर्षभरानं तूच पाडलीस म्हणाले. मी नाही म्हटलं. परत नाही म्हटलं. मग अण्णानं, तुझ्या वडलांनी, सांगितलं, आता पुरे, तुझं लग्न करून देतो, गप्प राहा."

"तू गप्प राहिलीस?"

"राहिले. आणि मग काय झालं माहितेय? मलाच दिसायला लागलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू हातातून सुटतेस, खाली जातेस, तो आवाज. डोळ्यांसमोर. मी म्हणायचे, मलाच नीट आठवत नसेल, हे म्हणतात तसंच झालं असेल. तुझ्या भावाचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी नवी साडी नेसून गेले. तुझ्या आईनं तिच्या बहिणीला पुढं केलं. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. म्हटलं, बरोबर आहे, माझ्या हातात बाळ कोण देईल."

मी म्हटलं, "आत्या, तू काही केलं नव्हतंस."

"हे तू मला आज सांगतेस," ती म्हणाली. त्यात उपकार मानल्याचा सूर नव्हता. मग म्हणाली, "इथं नको सांगूस मला. तिथं सांग. सगळ्यांसमोर."

संधी लवकरच आली. भावाला मुलगी झाली आणि बारशाला सगळे जमले. आत्यालाही बोलावणं होतं. तेवढी रीत आमच्याकडे नेहमी पाळली गेली. बाळाची आत्या मीच, म्हणून मी पाळण्याजवळ उभी राहिले आणि सांगितलं. भाषण वगैरे नाही. माझा पाय जन्मापासून असा आहे, डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलंय, आत्यानं मला कधीच पाडलं नव्हतं, आणि आईला ते माहीत होतं. शेवटचं वाक्य मी बोलणार नव्हते. ते तोंडातून गेलं.

आई म्हणाली, "ऑफिसात कोड लावते तर डॉक्टर झाली," आणि आत निघून गेली. देवळात बोललेली ती काकू साडीचा पदर नीट करत होती. एक काका शेवटी म्हणाले, "होगली बिडु. झालं ते झालं. शुभकार्यात हे कशाला?" भावाच्या बायकोला, बिचारीला, काय करावं कळेना. तिनं पाळण्यातून मुलीला उचललं आणि आत्याजवळ नेलं. "घ्या ना आत्या. तुम्हीच नाव सांगा."

आत्या एक पाऊल मागं सरली. "बेडा," ती म्हणाली. नको. "आता माझे हात कापतात. आता खरंच पडेल."

ती जेवायला थांबली नाही.

मला वाटलं होतं, खरं एकदा बोललं गेलं की निदान तिच्यापुरतं तरी काही बदलेल. बदललं. तिला बोलावणं बंद झालं. दोषी होती तोवर लग्नामुंजीत तिला कोपऱ्यात जागा होती. सगळे तिला माफ केल्यासारखं वागायचे आणि त्यात त्यांना बरं वाटायचं. आता तिच्यासमोर त्यांनाच खाली बघावं लागत होतं, आणि ते कुणाला नको होतं. काकूच्या नातवाच्या मुंजीचं आमंत्रण तिला गेलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "राहून गेलं गं." देवळातही ती येईनाशी झाली. आईनं याबद्दल एक शब्द काढला नाही. आम्ही एकाच घरात राहतो, दूध किती घ्यायचं, गॅस कधी आणायचा एवढं बोलतो. ती मला वाढते, मी जेवते. माझ्यावर तिचा राग आहे आणि माझा तिच्यावर, आणि दोघींनाही दुसरं घर नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी सांधा बदलून घेतला. दवाखान्यात आई रोज डबा घेऊन आली, यायचीच. आत्या आली नाही. मला जिने चढता यायला लागल्यावर मीच तिच्याकडे गेले. ती दाराशी कुणाची तरी पँट टाचत होती. तिनं मला रस्त्यापासून खुर्चीपर्यंत चालताना पाहिलं, गिऱ्हाईकानं कपडा घालून दाखवावा आणि शिंप्यानं बघावं तसं, खांद्यापासून घोट्यापर्यंत.

"बरं बसलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, अजून थोडं दुखतं. ती म्हणाली, दुखायचंच. तिनं कॉफी केली. आम्ही पावसाचं बोललो, तिच्या मशीनच्या पट्ट्याचं बोललो. मी काहीतरी आणखी बोलावं म्हणून वाट बघत राहिले, ते तिच्या लक्षात आलं.

"तुझं झालं सरळ," ती म्हणाली, पँट परत मांडीवर घेत. आवाज वर नाही, खाली नाही. मग तोंडात टाचण्या धरून ती दुमडीला लागली, म्हणजे आता बोलायचं नव्हतं. मी कप धुऊन पालथा घातला आणि निघाले.